राजाच्या माथ्यावरची घागर

धोंडखेड, तालुका मलकापूर
माघ शुद्ध दशमी, शके १८५८

चि. वैजनाथले रुखमा आत्याचा आशीर्वाद. इथी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे मी, दोन बैल आन एक म्हैस.

पत्र मीच लिहून राह्यली. मास्तरले सांगितलं तर तो आधी देवाच्या चार ओळी लिहिते, मंग हवापाण्याच्या चार, आन मतलबाची गोष्ट खाली कोपऱ्यात कोंबते. म्या दुसऱ्या बुकापर्यंत वाचलं आहे, तेवढं पुरते. अक्षर लागलं नाई तर दोनदा वाचजो.

मतलब असा. तुहे मामा, माहे धनी, जाऊन चार महिने झाले. येत्या आखाजीले, अक्षय तृतीयेले, त्याइची पह्यली घागर राजाच्या माथ्याच्या डोंगरावर जाची आहे. तू लहानपणी पाह्यलं आहे, पण नागपूरचं पाणी पिऊन इसरला असशीन म्हणून सांगते. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरची घागर. अर्ध्या डोंगरापर्यंत, बायांच्या धोंड्यापर्यंत, ती बाईच्या डोक्यावर. तिथून घरचा गडीमाणूस घेते, वर जाते, चारी दगडी राजाइच्या डोस्क्यावर पाणी घालते, हातानं चोळून आंघोळ घालते आन मंग तेल-शेंदूर. बाईनं धोंड्याच्या वर जाचं नाई. आन ज्या घरची घागर वर गेली नाई ते घर मिटलं, असं गाव धरून चालते.

आता आमच्या घरी गडी नाई. देर उत्तमराव परवा आला होता. चांगला माणूस आहे, दाण्यापाण्याले येते-जाते. पण म्हणे, वहिनी, तुमचं पाणी आमच्याच घागरीत टाकून देऊ, वेगळी घागर कायले पाह्यजे. म्या त्याले चहा देल्ला आन वाटी लावला. तुह्या मामानं भावापासून वेगळं होऊन झुडपं तोडून वावर काढलं, घराच्या भिती सोताच्या हातानं घातल्या. ते घर दुसऱ्याच्या घागरीत टाकाले मी काही मेली नाई अजून.

तू आठ वर्ष आमच्या घरी जेवला. तू घरचा. आखाजीले येजो आन घागर वर नेजो. हाव का नाई, तेवढं कळव.

रुखमाबाई

*

नागपूर
१ मार्च १९३७

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांशी वैजनाथचा नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मामांच्या आठवणीने डोळे भरून आले. पण आपल्या पत्राने इथे केवढी खळबळ उडवली आहे, याची आपल्याला कल्पना नसेल.

आमचे साहेब वामनराव पुराणवस्तू खात्यात वीस वर्षे आहेत. मी सहज त्यांना राजाच्या माथ्याबद्दल सांगितले. दोन पुरुष उंचीच्या चार बैठ्या मूर्ती, त्यांची डोकी मोडून पायाशी पडलेली, आणि पाठीमागे माणसांनी रचलेली दगडांची टेकडीएवढी रास. साहेबांनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग कपाटातून एक जाड ग्रंथ काढून मला एक चित्र दाखवले. तुर्कांच्या मुलखात एका फार उंच पर्वताच्या शिखरावर एका प्राचीन राजाची समाधी आहे. तिथेही दगडांची अशीच रास आहे आणि तिच्यापुढे सिंहासनांवर बसलेले प्रचंड पुतळे आहेत. त्यांचीही डोकी भूकंपाने खाली पडून जमिनीवर उभी आहेत आणि आकाशाकडे पाहत आहेत. आत्याबाई, मी ते चित्र पाहिले आणि क्षणभर मला वाटले की हे आपले धोंडखेडच आहे, फक्त तिथे बर्फ आहे.

साहेबांचे मत असे की आपल्या राजाच्या माथ्याखालीही एखाद्या राजघराण्याचे समाधिस्थान असले पाहिजे. होळी झाल्यावर आम्ही दोघे मोजमापासाठी येत आहोत. बरोबर टेप, कॅमेरा आणि शिलालेख असल्यास त्याचा ठसा घेण्याचा कागद असेल. लेखावर ओला कागद बसवून ब्रशाने ठोकला म्हणजे अक्षरे कागदावर उमटतात. ही विद्या मी नुकतीच शिकलो आहे.

घागरीचे आल्यावर बोलूच.

आपला आज्ञाधारक
वैजनाथ

*

धोंडखेड
माघ वद्य नवमी

चि. वैजनाथले आशीर्वाद.

म्या एक गोष्ट इचारली होती. हाव का नाई. तू दोन ताव भरून पाठवले. त्याच्यात तुर्क आहेत, बर्फ आहे, साहेबाचा चहा आहे, आन हाव बी नाई आन नाई बी नाई.

तुर्काइचे राजे त्याइच्या डोंगरावर बसले असतीन, बसू दे. आपले आपल्या डोंगरावर बसले आहेत. त्याइले पाहाले कागद कायले लागते मले समजलं नाई. पण येजो. साहेबालेही आणजो. तो तिखट खाते का ते आधी लिहिजो, मंग माह्यावर बोल नको.

एक ध्यानात ठेव. धोंड्याले हात लावाच्या आधी कारभारी बुवाले इचारजो. थोरल्या राजाच्या, सगळ्यात मोठ्या डोस्क्याच्या, शेंदराचा मान त्याच्या घराण्याचा, तीस वर्षापासून तोच चोळते. म्हातारा मऊ आहे, इचारलं की नाई म्हणत नाई. न इचारलं तर मनाले लावून घेते.

रुखमाबाई

*

नागपूर
५ एप्रिल १९३७

तीर्थरूप आत्याबाईंना नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. साहेब तुमच्या ठेच्याची आठवण काढतात आणि अजून डोळे पुसतात. पण असे वांगे आपण आजवर खाल्ले नाही, असेही म्हणतात.

काम उत्तम झाले. सर्व मूर्तींची मोजमापे घेतली. थोरल्या राजाच्या सिंहासनाच्या पाठीवर आठ ओळींचा लेख मिळाला, त्याचा ठसा चांगला उतरला आहे आणि साहेब तो वाचत बसले आहेत. शेवटच्या दिवशी थोरल्या राजाच्या डोक्यापाशीही थोडे कागदाचे काम होते. ऊन फार झाले म्हणून आम्ही लवकर उतरलो.

घागरीबद्दल आपण विचारले होते. हो. मी येणार, आणि मामांची घागर मीच वर नेणार. याबद्दल आपण अगदी निश्चिंत असावे.

हल्ली डोंगरावर कोणी गेले होते का? सहज विचारतो.

वैजनाथ

*

धोंडखेड
चैत्र शुद्ध तृतीया, शके १८५९

वैजनाथ,

सहज कोणी काही इचारत नसते. तू तर लहानपणी बी नाई. मडकं फुटलं की तू येऊन म्हणे, आत्या, आज कोणी सैपाकघरात गेलं होतं का.

पाडव्याच्या दिवशी कडूबा शेळ्या घेऊन माथ्यावर गेला. थोरल्या राजाचा शेंदूर कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसंध निघून खाली पडला आहे. सुपाएवढी खपली. कडूबा शेळ्या तिथीच टाकून पळत आला. सारा गाव जमा झाला. अंबूबाईच्या अंगात आलं, तिच्या अंगात दर दोन महिन्याले येते. कोणी म्हणे राजा कोपला, कोणी म्हणे पटकी येणार. दोघंतिघं वर गेले आन राजाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्यावर घोंगडी टाकून आले. उघडं तोंड पाहाची हिंमत कोणाची नाई झाली. कारभारी बुवा दोन दिवसापासून जेवला नाई. म्या त्याच्या घरी जाऊन सांगितलं, बुवा, तुम्ही उपाशी राह्यले त शेंदूर परत चिकटत नाई. त्यानं ऐकलं नाई.

आता पुढचं वाच. कडूबा म्हणते, त्यानं तुले त्या दिवशी राजाच्या तोंडावर ओला कागद लावून ब्रश ठोकतानी पाह्यलं. उत्तमरावनं पारावर सगळ्याइसमोर सांगितलं, हा पोट्टा आखाजीले डोंगर चढणार नाई. आन लोकं हाव म्हणाले. म्हणजे तुह्या मामाची घागर आता बायांच्या धोंड्याजवळच राह्यते, नाई त उत्तमरावच्या घागरीत जाते. एवढं झालं आहे.

तू केलं का? हाव का नाई.

रुखमाबाई

*

नागपूर
१९ एप्रिल १९३७

आत्याबाई,

हाव.

मीच केले. साहेब खाली सावलीत जेवत होते. थोरल्या राजाच्या कपाळपट्टीवर शेंदराखाली काही अक्षरे असावीत असे मला वाटले. आपण शोधली म्हणजे साहेब शाबासकी देतील, असाही विचार मनात आला. कारभारी बुवांना लेखाबद्दल विचारले होते, तोंडाबद्दल विचारले नव्हते. कागद सुकल्यावर ओढला तर त्याच्यामागे सगळे कवचच सुटून आले. मी ते दोन्ही हातांनी परत जागेवर दाबले, ते कसेबसे राहिले, आणि मी ऊन लागल्याचे सांगून साहेबांना घेऊन उतरलो. तुमच्या घरी दोन वेळा जेवलो आणि तुमच्या तोंडाकडे पाहून बोललो नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

काल साहेबांना सगळे सांगितले. शेंदूर गेल्याचा त्यांना राग आला नाही. मी लपवले याचा आला. इतके ते कधी बोलले नव्हते.

पण आत्याबाई, मी एक गोष्ट पाहिली आहे, ती तुमच्या गावात अजून कोणी पाहिलेली नाही. शेंदराखालचा चेहरा राजाचा नाही. तो बाईचा आहे. भांगात मोत्यांची सर आहे, कानांत मोठी फुले आहेत, आणि ओठ मिटलेले आहेत. मला वाटले होते की माझी नजर चुकली असेल. परंतु साहेबांनी लेख वाचला, त्यात तेच निघाले. राजा वारल्यावर त्याच्या राणीने त्याच्या अस्थी माथ्यावर ठेवल्या, त्यांच्यावर दगडांची रास रचवली, आणि तिच्यापुढे राजा, त्याचा बाप, त्याचा आजा यांना बसवले. चौथी ती स्वतः. साहेब म्हणतात की घडवताना चारही डोकी सारख्याच मापाची होती. शेकडो वर्षांच्या शेंदराने तिचे डोके फुगले आणि गाव तिला थोरला राजा म्हणू लागले. तिचे नाव लेखाच्या फुटलेल्या कोपऱ्यात गेले आहे.

मी आखाजीआधी येऊन सगळ्या गावाची माफी मागतो. तुमची घागर माझ्यामुळे अडली.

वैजनाथ

*

धोंडखेड
चैत्र वद्य चतुर्थी

चि. वैजनाथले आशीर्वाद.

तू हाव म्हटलं ते बरं केलं. बाकीचं मंग पाहू. माफी मागाले येऊ नको, इथी तमाशा नको. कामं पडले आहेत.

तुहं पत्र म्या पारावर नेलं आन सोता वाचून दाखवलं. मास्तर बाजूले उभा राहून मान हालवत होता, त्याले वाटलं मी चुकीन. चुकली बी दोन ठिकाणी, पण मतलब पोचला. आधी कोणालेच खरं वाटेना. उत्तमराव म्हणे, पोट्टा आपली चूक झाकाले काहीही लिहिते. मंग कारभारी बुवा उठला, काठी घेतली आन डोंगराकडे चालाले लागला. त्याच्या मागं सारे गडी. आम्ही बाया बायांच्या धोंड्यापाशी थांबलो.

ते खाली आले तेव्हा एक बी माणूस वर मान करत नव्हता. कारभारी बुवा आमच्याजवळ धोंड्यावरच बसला. मंग म्हणे, "तीस वर्ष म्या तिचं तोंड धुतलं, गाल चोळले. परक्या बाईचे. आता कोणत्या तोंडानं हात लावू."

आता पाह्य अडचण कशी. आखाजीले आंघोळ घातल्याबिगर घागर उतरत नाई. आंघोळ हातानंच घालाची. आन आता गावात असा एक गडी नाई जो राणीले आंघोळ घालीन. उत्तमराव म्हणे, तिघाले घालू, तिले नुसतं लांबून पाणी टाकू. कारभारी बुवा म्हणे, इतके वर्ष थोरला म्हणून पह्यला मान देला, आन आता बाई निघाली म्हणून लांबून टाकतं का. ते बी खरं. एवढे पंचवीस गडी, आन सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहून राह्यले. माह्यानं ते पाहवलं नाई. म्या म्हटलं, "बाईले बाया आंघोळ घालतात. एवढा इचार कायचा करून राह्यले. आम्ही वर येतो."

उत्तमराव म्हणे, या, पण सवाष्णी या. देवाधर्माचं काम आहे, इधवा कशी चालीन. हे तो माह्याकडे न पाहता बोलला. म्या तुहं पत्र परत उघडलं आन ती ओळ परत वाचली, राजा वारल्यावर राणीनं रास रचवली ती. हे सारं तिनं केलं तेव्हा ती कोण होती, म्या इचारलं. सवाष्ण होती का? नवऱ्याच्या अस्थीवर धोंडे रचणारी बाई कोण असते, उत्तमराव?

कारभारी बुवानं मंग ठरवलं. या वर्षी ज्या घरचा धनी गेला, त्या घरच्या बाईनं पह्यल्यांदा वर जाचं आन पह्यलं पाणी राणीले घालाचं. बाकीच्या तिघाइले गडी. या वर्षी असं घर गावात एकच आहे.

तुह्यावरची बंदी काही उठली नाई, म्या उठवा म्हटलं बी नाई. गरज नाई. घागर मीच नेते.

रुखमाबाई

*

नागपूर
४ मे १९३७

तीर्थरूप आत्याबाईंना नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला, पण झोप उडाली. तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत. बायांच्या धोंड्यापुढची चढण निव्वळ दगडांची आहे, मी स्वतः तिथे दोनदा घसरलो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन तुम्ही ती कशी चढणार? गावातून डोलीची सोय होईल का? किंवा धोंड्यापुढे उत्तमरावांनी घागर धरावी आणि तुम्ही मोकळ्या हाताने चालावे. आता मान कोणाचा हे ठरलेच आहे, तेव्हा एवढे केले तर काय बिघडते?

माझ्या चुकीमुळे तुम्हाला या वयात हे करावे लागते आहे, याचे मला फार वाईट वाटते. साहेबांनी कारभारी बुवांना वेगळे पत्र लिहिले आहे. मूर्तींपैकी काहीही हलवले जाणार नाही, आणि पुढे कोणी परवानगीशिवाय हात लावणार नाही, असे त्यात आहे.

वैजनाथ

*

धोंडखेड
वैशाख शुद्ध पंचमी

चि. वैजनाथले आशीर्वाद.

डोलीत मेलेलं माणूस नेतात नाई त नवरी. मी दोघीतली एक बी नाई. चालत गेली.

वाईट वाटून घ्याचं बंद कर. तुले काय वाटते, तुह्या चुकीनं मले वर जावं लागलं? बेचाळीस वर्ष मी त्या धोंड्यापर्यंत घागर नेली. सासऱ्याची नेली, सासूची नेली, दोन लेकरं गेले त्याइची नेली. दर वेळी तिथी थांबून डोक्यावरची घागर दुसऱ्याच्या हातात देली आन वर पाहत बसली. तू लहान होता तेव्हा तुह्या मामासंग वर जाऊन आला आन मले म्हणे, आत्या, वरून तापी दिसते. म्या तेव्हा तुले खोटारडा म्हटलं होतं. दिसते. सकाऊन हवा साफ असली की पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते.

चढण बरी आहे. तू शहरातले जोडे घालून चढला म्हणून घसरला. म्या अनवाणी गेली. घागर भरलेली, वर आखाजीचं खरबूज ठेवलेलं, आन एक थेंब सांडला नाई. उत्तमराव मागं मागं येत होता, माह्या पायाकडे पाहत. एका जागी त्यानं हात पुढं केला. मी म्हटलं राहू दे, आन त्यानं राहू देला. पण मागं चालत राह्यला शेवटपर्यंत. ते मी इसरणार नाई.

घोंगडी कारभारी बुवानंच काढली आन तोंड फिरवून उभा राह्यला. सगळ्याच गड्याइनं तोंड फिरवलं. वाटलं होतं हसू येईन, नाई आलं. ती बाई चांगली आहे रे. डोस्कं माह्या छातीपर्यंत येते. नाक उलीसक तुटलं आहे. म्या पदर खोचला आन तिले आंघोळ घातली. कानामागं शेंदराचा गाळ बसला होता, तो नखानं काढला. गड्याइले कानामागं धुणं कधी सुचत नाई. मागून अंबूबाई आन बाकीच्या बाया बी आल्या, त्याइनं तेल लावलं. शेंदूर आता नुसता कपाळाले लावाचा ठरला, सवाष्णीसारखा नाई, देवीसारखा. याच्यावर बी अर्धा तास घोळ झाला, ते सोड.

पण हे सारं मंगचं. त्याच्या आधी घागरीचं पाणी घालाची येळ आली, आन तिथी एक गोष्ट निघाली जी मले कोणीच सांगितली नव्हती. सांगणार कोण, बाई कधी वर गेलीच नाई. पाणी घालतानी गेलेल्या माणसाचं नाव घ्या लागते. मोठ्यानं, माथ्यावरच्या साऱ्याइले आयकू जाईन असं. तीनदा. गड्याइले त्याच्यात काय आहे, बापाचं घेतात, भावाचं घेतात. कारभारी बुवा पाठमोराच म्हणाला, "बाई, नाव घ्या धन्याचं." आन मंग त्याच्या ध्यानात आलं, बाई नवऱ्याचं नाव घेत नाई.

वैजनाथ, म्या तुह्या मामाचं नाव जल्मात एकदा घेतलं होतं. लग्नात, उखाण्यात, तेरा वर्षाची असतानी, ते बी बाया धक्के मारून राह्यल्या म्हणून, आन अर्धं तोंडातच. त्याच्यानंतर कधी नाई. हाक मारली त अवो म्हणून. कागदपत्रावर पटवारी इचारे, नवऱ्याचं नाव, त शेजारची बाई सांगे. तो मेला तेव्हा बी म्या नाव घेऊन रडली नाई.

उत्तमराव पुढं आला, म्हणे वहिनी, मी घेऊ का. त्याच्या मनात वाकडं नव्हतं. पण मी घागर वाकडी केली आन घेतलं.

भगवान.

पह्यल्यांदा आवाज माह्याच कानापर्यंत गेला. दुसऱ्यांदा बरा आला. तिसऱ्यांदा एवढा मोठा आला की खाली कडूबाच्या शेळ्या उठून उभ्या राह्यल्या, आन पाणी सगळं राणीच्या डोस्क्यावरून माह्याच पायावर आलं.

उतरतानी उत्तमराव हळूच म्हणे, "वहिनी, दोनदा हळू घेतलं, तिसऱ्यांदा एवढ्या जोरानं कायले?"

म्या म्हटलं, "बेचाळीस वर्षाचं राह्यलं होतं, एकदम घेतलं."

रुखमाबाई भगवान